कोल्हापूरचा जांभळा खेकडा

आजऱ्याला जायचं कसं, हे मला सात वर्षं तोंडपाठ होतं. देसाई मास्तरांनी ते पत्रातून सविस्तर कळवलं होतं. "मिरजेला गाडी बदला. कोल्हापुरात उतरलात की लगेच पुढे निघू नका, एक दिवस रंकाळ्याला द्या, काठाला शिंपले चांगले आहेत. मग दादूभाईची बैलांची दमणी करा. कागल, मुरगूड, उत्तूर, आजरा. आजऱ्याहून आमची वाडी दीड कोस. कुणालाही विचारा. एकदा या." त्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी हे 'एकदा या' असायचंच. मी गेलो तो मास्तर वारल्यावर.

मी मुंबईच्या एका संग्रहालयात चित्रं काढतो. वाघ-सिंहांची नव्हे, खेकडे, झिंगे, शिंपले आणि गोगलगायींची. आमच्या साहेबांनी निम्मं आयुष्य या कवचवाल्या प्राण्यांवर घालवलं आहे. नवी जात सापडली की तिचं वर्णन लिहिणं, तिला नाव देणं हे त्यांचं काम. आणि भिंगाखाली धरून तिचे पाय, काटे, सांधे जसेच्या तसे कागदावर उतरवणं हे माझं. नमुने पाठवणारी माणसं गावोगावची. कुणी जंगलखात्यातले अधिकारी, कुणी मिशनातले डॉक्टर, आणि एक करवीर संस्थानातल्या मराठी शाळेचे मास्तर.

मास्तरांची पहिली पेटी आली ती गोगलगायींची. ओल्या पाल्यात जिवंत गोगलगायी, आणि प्रत्येकीबरोबर कुठे सापडली त्याची चिठ्ठी. वाटेत चार दिवस लागले. पेटी उघडली तेव्हा गोगलगायी खुशाल होत्या. चिठ्ठ्या मात्र त्यांनी खाऊन टाकल्या होत्या. मी तसं कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: "माझं अक्षर आजवर कुणाला इतकं आवडलं नव्हतं." त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. आम्ही रिकाम्या बाटल्या आणि स्पिरिट पाठवायचो, ते भरलेल्या बाटल्या पाठवायचे, आणि पत्रांतून आपलं घरदार, आजारपण, पाऊसपाणी सगळं चालायचं.

मग ते खेकडे आले. एका बाटलीत तीन. सोबत पत्र: "देवराईतल्या झऱ्यावर मिळाले. पाठ पिकल्या जांभळासारखी, नांग्या शेंदरी. असा खेकडा मी दुसरीकडे पाहिला नाही. रंग पोचला का, तेवढं कळवा."

बाटलीत तीन मातकट खेकडे होते. जात नवी होती, साहेब बेहद्द खूश झाले. रंगाचं वाचून दाखवलं तेव्हा मात्र हसले. खेड्यातल्या मास्तरांना नवं काही सापडलं की ते रंगीतच दिसतं, म्हणाले. आणि मीही हसलो. नुसता हसलो नाही, "म्हणजे बेंदराचा रंगवलेला बैलच की," असं म्हणून बेंदूर हा बैलांचा सण कसा असतो तेही त्यांना समजावून सांगितलं. मग साहेबांच्या सांगण्यावरून मी स्वतःच्या हाताने मास्तरांना लिहिलं: नमुने उत्तम, रंग मातकट, रंगाविषयी आपला समज चुकला असावा. सोबत माझ्या चित्राचा कच्चा छाप जोडला.

स्पिरिटमध्ये रंग उडतो हे मला माहीत होतं. बारा वर्षं मी तेच पाहत आलो आहे. तरी मी ते लिहिलं, कारण साहेब पुढ्यात उभे होते.

त्यावर मास्तरांचं पत्र आलं नाही. मला लाज वाटली म्हणून मी लिहिलं नाही, आणि मग इतके दिवस लिहिलं नाही याची लाज वाटून पुढेही राहिलं. दीड वर्षाने त्यांच्या थोरल्या भावाचं कार्ड आलं. "मास्तर तापाने वारले. इथून पुढे रिकाम्या बाटल्या पाठवू नयेत." साहेबांच्या पुस्तकाची छपाई रखडली होती ती अखेर दिवाळीनंतर सुरू व्हायची ठरली. त्या पुस्तकात तो खेकडा मातकट छापून गेला की तो कायमचा मातकट. दसरा झाल्यावर मी रजा मागितली, रंगांची पेटी घेतली आणि निघालो.

कोल्हापूर

कोल्हापुरात सकाळी उतरलो आणि मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे आधी रंकाळ्यावर गेलो. वाटेत एका कट्ट्यावर म्हशी उभ्या करून लोकांच्या पुढ्यात दूध काढत होते. माझं गाव वेंगुर्ल्याकडचं. आमच्याकडे दूध तापवल्याशिवाय कुणी ओठाला लावत नाही. इथे धार थेट पेल्यात. मी काचकूच करत होतो तर गवळी म्हणाला, "प्या की पावणं, म्हस काय चावत न्हाय." प्यालो. वर फेस आणि मिशीला पांढरी रेघ.

रंकाळा म्हणजे तळं कसलं, दर्याच. काठाला गुडघाभर पाण्यात उतरून मी शिंपले चाचपू लागलो. शेजारी एक पैलवान आपली म्हैस धूत होता. बराच वेळ बघून त्याने विचारलं,

"मोती घावतंय व्हय त्यात?"

"नाही."

"मग खाता?"

"नाही. यांच्या जाती ओळखून नोंद ठेवायची असते. नाव द्यायचं असतं."

"शिंपल्याला नाव?" त्याने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "मग म्हाराजास्नी जाऊन भेटा. जनावराचा लई नाद हाय तेस्नी. पर तेंचं जनावर म्हंजे चित्तं, हत्ती. शिंपलं घिऊन गेलासा तर हसतील बगा." आणि एवढं बोलून तो स्वतःच पाण्यात उतरला आणि ओंजळभर शिंपले काढून माझ्या रुमालात टाकले. इथली माणसं बोलतात भांडल्यासारखी आणि वागतात सोयऱ्यासारखी.

रुमालातले शिंपले मी काठावर मांडले. आतून मोत्यासारखी चकाकी, बाहेरून हिरवट काळे. मास्तर इथे बसले असतील, शाळातपासनीस साहेबांकडे कामाला आले की इथे येतो असं त्यांनी लिहिलं होतं. सात वर्षांत एकदा जरी आलो असतो, तर या काठावर आम्ही दोघं असतो. मला त्यांचा चेहरासुद्धा माहीत नव्हता. अक्षर तेवढं माहीत होतं, डावीकडे झुकणारं.

मुरगूडची वाट

दादूभाई सहज सापडला. स्टेशनाबाहेरचे सगळे गाडीवाले त्याला ओळखत. त्याच्या घरची मूळची कापूस पिंजायची कामटी; ती भावाकडे देऊन याने बैल धरले. कुठे जायचं म्हटल्यावर त्याने माझ्या रंगपेटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाटल्यांचं सायेब का तुमी?"

"साहेब नाही. त्यांच्या हाताखालचा चित्रकार."

"मास्तरांच्या समद्या बाटल्या माज्याच गाडीतनं गेल्यात. मांडीवर घिऊन बसायचो, हिंदकळाय नको म्हणून."

कागल सोडल्यावर उसाचे फड सुरू झाले. बैल आपल्या चालीने चालत होते आणि दादूभाई बोलत होता. एकदा म्हणे मुरगूडच्या बाजारात एका पोलिसाला स्पिरिटचा वास आला. "कुठली दारू न्हेतोस म्हणून धरलं की मला. म्हटलं, दारू न्हाय, खेकडं हाइत. झाकण काडून बगितलं तर दारूतच खेकडं! त्यो म्हणतोय, आता दोन गुन्हं झालं. मास्तरांनी येऊन जबाब दिला तवा सुटलो. वर त्या पोलिसालाच शिकवून आलं, नर कसा वळखायचा नि मादी कशी."

मी खूप हसलो. मास्तरांनी ही हकिगत मला कधी लिहिली नव्हती. आणखी काय काय लिहायचं राहिलं असेल, या विचाराने मग हसू जिरलं.

मुरगुडात मुक्काम केला. दादूभाईच्या मावशीने ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. आमच्या तांदळाच्या मऊ भाकरीपुढे ही जाड, खरपूस. पण भूक लागली की पहिल्या घासालाच ती आवडून जाते. उत्तूरच्या पुढे रान बदललं. उसाची जागा भाताने घेतली, माती तांबडी झाली, झाडी दाट झाली आणि वारं ओळखीचं वाटू लागलं. लांबवर निळी रांग दिसत होती. दादूभाईने चाबकाने दाखवली. "त्यो बगा आंबोलीचा डोंगर. तितनं खाली उतरलं की तुमचं कोकण."

हे मला नकाशावरून माहीत होतं. दरवर्षी शिमग्याला मी आगबोटीने घरी जातो. आमच्या अंगणातून तीच डोंगररांग दिसते. तिच्या वरच्या अंगाला मास्तर होते, फार तर दोन दिवसांच्या वाटेवर. दरवर्षी मी तिकडे बघून म्हणायचो, पुढल्या खेपेला नक्की.

वाडी

वाडीत पोचलो तेव्हा भातकापणी जोरात होती. मास्तरांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, शेतातून विळा घेऊनच आले. मास्तरांची बायको, आक्का, दारात उभी राहिली. मी कोण ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आता आलासा," आणि पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

वाटेतल्या धुळीने मला खोकला झाला होता. आण्णांना मी खेकड्यासाठी आलोय एवढं सांगितलं, आणि जरा आडवा झालो तो दिवस कलेपर्यंत झोपलो. उठलो तर घरभर लसूण आणि तिखटाचा वास. पान मांडलेलं. वाफाळता घनसाळ भात, त्याचा वास वेगळाच, आणि वर खेकड्याचा रस्सा. खेकडे आधी उकळून, मग पाट्यावर ठेचून, फडक्यातून गाळून केलेला. आमच्याकडे नारळाच्या वाटणात अख्खी चिंबोरी असते, फोडत बसायचं. इथे नुसतं ओरपायचं. नाकाडोळ्यातून पाणी आलं आणि छाती मोकळी झाली. मी तीन वाट्या प्यालो.

"आण्णा, आता उद्या देवराईत जाऊ या," मी हात धुता धुता म्हणालो. "मास्तरांचा तो जांभळा खेकडा मिळतो का बघू."

आण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "त्योच हुता की."

"कुठे?"

"आता ह्यो काय, वाटीत! तुमी निजलासा तवा देवराईत जाऊन दोन काडून आनलं. म्हटलं, मास्तरांचं दोस्त, खोकला घिऊन आलंय, तेस्नी शेतातलं सादं खेकडं कशाला घालायचं? ह्येचा गुण लई."

मी पळत परसात गेलो. पाट्याच्या कडेला ठेचलेल्या कवचाचा चोथा पडला होता. उकळून लाल झालेला, सगळे खेकडे शिजल्यावर होतात तसाच. नांग्या? नांग्या त्यांनी झऱ्यावरच मोडून टाकल्या होत्या. आमच्याकडे चिंबोरीच्या नांग्या सुतळीने बांधतात. इथे खेकडा हाती लागला की पहिल्यांदा नांग्या मोडतात, चावायला नको म्हणून. आण्णांनी तेही आदराने केलं होतं. ज्या खेकड्यासाठी मी मुंबईहून आलो, तो मी मिटक्या मारत पिऊन बसलो होतो.

मी मटकन पाट्यापाशी बसलो. मागे कुणीतरी हसलं. आक्का. तोंडाला पदर लावून हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "त्येंना सांगाय पायजे हुतं हे," ती म्हणाली. "पोट धरून हसलं असतं."

पुढचे दोन दिवस आण्णा कापणी टाकून माझ्याबरोबर फिरले. पाऊस सरून बरेच दिवस झालेले, खेकडे खोल बिळांत गेलेले. दगड उलथले, बिळांत हात घातले. शेतातले मातकट खेकडे मिळाले. आणि हाताला सवय, मी ओरडेपर्यंत त्यांच्याही नांग्या मोडल्या गेल्या. जांभळा काही दिसेना. "सालात दोन-चार घावत्यात," आण्णा खालमानेने म्हणाले, "त्यातलं दोन म्या ठेचलं." माझी रजा संपत आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्काने मास्तरांची ट्रंक उघडली. माझी सगळी पत्रं सुतळीने बांधलेली होती. वर माझ्या चित्राचा तो कच्चा छाप होता. त्यावर कसले तरी तपकिरी डाग पसरलेले, खेकड्याच्या पाठीवर नेमके.

"रंग देत बसलं हुतं," आक्का म्हणाली. "तुमचं पत्र आलं तवा जांभळं पिकलीवती. रस काडून काडीनं लावला. मला दावलं. म्या म्हटलं, आता बराबर हाय. त्ये म्हणलं, धाडायचं. दोन दिसांनी बगितलं तर रंग आसा झाला. मग काय धाडतंय."

मी तो कागद उजेडात धरला. जांभळाच्या रसाचा मागमूस नव्हता. मातकट, माझ्या चित्रासारखाच. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही. म्हटलं, "आक्का, चूक माझी होती. मला माहीत होतं तरी मी तसं लिहिलं."

तिने ट्रंक लावली, कोनाड्यातून भाकरीचा तुकडा घेतला, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. आण्णा शोधत्यात तितं न्हाय त्यो."

देवराईत झरा आहे, त्याच्या वरच्या अंगाला एक जुना जांभ्या दगडाचा कडा. त्यात भेगा. तिथे एक सपाट दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. "हितं बसायचं त्ये," ती म्हणाली, आणि मला तिथेच बसवलं. मग तिने गवताच्या लांब काडीला भाकरी टोचून भेगेत सोडली आणि वाट बघत राहिली. आण्णा मागे उभे होते. हात पाठीशी घट्ट बांधून, न जाणो ते आपोआप पुढे जायचे.

बऱ्याच वेळाने काडी हलली. आक्काने ती हळूहळू, अगदी हळूहळू मागे ओढली. आधी दोन नांग्या आल्या. शेंदरी, देवाला लावतो त्या शेंदराच्या. मग पाठ. ओली, गडद, पिकलेल्या जांभळाची. आक्काने मागून अंगठा आणि बोट लावून त्याला अलगद उचललं. "आसं धरायचं म्हणायचं त्ये," ती म्हणाली. "नांग्या मोडायला लागत न्हाईत."

उथळ परातीत पाणी घालून मी त्याला समोर ठेवलं आणि रंगवायला बसलो. निळा, लाल, जरासा काळा. चारदा मिसळला तेव्हा तो रंग मिळाला. ऊन सरकलं की आण्णा परात सरकवत होते. दोन चित्रं काढली. बाटली माझ्या पिशवीत तयार होती. आक्काने तिच्याकडे पाहिलं. "ह्यात घालनार?"

"नाही. नमुने आहेत आमच्याकडे. रंग तेवढा नव्हता."

तिने परात भेगेपाशी कलती केली. तो तिरका तिरका चालत आत गेला.

पहिलं चित्र मुंबईला परतल्यावर साहेबांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "स्वतः पाहिलास?" म्हटलं, "हो, आणि प्यालोसुद्धा." मग सगळी हकिगत सांगितली. त्यांनी हस्तलिखित मागवलं, 'मातकट' खोडलं, मास्तरांनी लिहिला होता तोच रंग त्यांचं नाव देऊन लिहिला. पुस्तक आता छापायला गेलं आहे.

दुसरं चित्र मी निघायच्या सकाळी आक्काला दिलं. दादूभाईची दमणी दारात उभी होती. काय लिहून द्यावं हे मला आदल्या दिवसापासून सुचत नव्हतं. माफी मागावी, सात वर्षांची आठवण लिहावी, चार ओळी चांगल्या लिहाव्यात. अखेर चित्राच्या मागे एकच ओळ लिहिली आणि सही केली.

आक्काला वाचता येत नाही. तिने कागद उलटा केला, अक्षरांवर बोट ठेवलं. "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं, "देसाई मास्तरांस. रंग पोचला."

"आनि?"

"एवढंच."

ती चित्राकडे बघत राहिली. मग रागावल्यासारखी नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाली, "दीड वरीस रोज त्ये टपालवाल्याच्या वाटंवर जाऊन बसायचं. एवढंच लिवायचं हुतं तर कार्डावर मावलं असतं की, पावणं."